घरखर्चासाठी घर तारण ठेवायचं का? सही करण्याआधीचा हिशेब

वाचकाचं पत्र

"आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी ५८ व्या वर्षी सेवानिवृत्त झाले. मूळ पेन्शन ३५ हजार होती, त्यातली १४ हजार विकली, म्हणजे तो भाग सोडून एकरकमी पैसे घेतले. त्याचे चौदा लाख आले, ते मुलीच्या लग्नात आणि वरच्या मजल्यात गेले. आता महागाई भत्ता धरून हातात महिन्याला ४०,२५० रुपये येतात आणि खर्च ५४ हजारांच्या पुढे जातो. दोन क्रेडिट कार्डांवर १ लाख ८० हजार आणि पतपेढीचे २ लाख २० हजार देणं आहे. मुलगा, सून, नातू आमच्यासोबतच राहतात. मुलाला एमआयडीसीत १६ हजार पगार आहे. एक कर्ज एजंट म्हणतो, घरावर १५ लाख काढा, साडेअकरा टक्के व्याज, पंधरा वर्षं मुदत. चार लाखांत जुनं देणं फेडा, अकरा लाख एफडीत टाका आणि व्याजावर घर चालवा. मुदत जास्त मिळावी म्हणून मुलालाही कर्जदार करायचं म्हणे. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, म्हणून माझी सही लागते. ओळखीतले एक जण पेन्शनचं एटीएम कार्ड ठेवून शेकडा तीन टक्क्यांनी पैसे द्यायला तयार आहेत. उरलेली पेन्शनही विकता येईल का, असं हे विचारतात. माझ्याजवळ सात तोळे सोनं आहे, पण त्याला हात लावायचं मन होत नाही. काय करू? खर्चाची यादी सोबत जोडली आहे."
एक गृहिणी, वय ५७, जळगाव

ताई, नमस्कार.

सही करू नका. एजंट उद्या फाइल घेऊन दारात उभा राहिला तरी करू नका. कारणं पुढे आकड्यांसकट देतो. ती गुरुजींना आणि मुलाला एकत्र बसवून वाचून दाखवा, कारण हा निर्णय तुमच्या एकटीच्या नकाराने टिकणार नाही, तो तिघांना पटायला हवा.

तुम्ही खर्चाची यादी पाठवलीत हे फार बरं केलंत. किराणा साडेनऊ हजार, दूध तीन हजार, वीज २,८००, गॅस ९००, दोघांची बीपी-शुगरची औषधं साडेचार हजार, मोबाइल आणि इंटरनेट १,८००, पेट्रोल तीन हजार, नातवाची शाळा आणि व्हॅन मिळून साडेपाच हजार, लग्नकार्य आणि आहेर सरासरी चार हजार. इथपर्यंतची बेरीज ३५ हजार होते. सहा माणसं नसली तरी पाच माणसांचं घर आहे, त्या मानाने यात उधळपट्टी कुठेच दिसत नाही. पुढच्या तीन ओळींत मात्र पतपेढीचा हप्ता साडेसहा हजार, कार्डांचा भरणा नऊ हजार आणि मुलाच्या बाइकचा हप्ता ३,८०० आहे, म्हणजे हप्त्यांचेच १९,३०० झाले. एकूण खर्च ५४,३००, पेन्शन ४०,२५०, तूट १४,०५०.

याचा अर्थ नीट पाहा. हप्ते बाजूला काढले तर तुमचं घर पेन्शनमध्ये चालून वर सव्वापाच हजार उरतात. स्वयंपाकघरात काटकसर करून ही तूट भरणार नाही आणि तशी गरजही नाही. तूट हप्त्यांमुळे आहे, आणि त्यातही सगळ्यात वाईट हप्ता कार्डांचा आहे.

कार्डांचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के पडतं. १ लाख ८० हजारांवर ते ६,३०० होतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १,१३४. तुम्ही नऊ हजार भरता तेव्हा ७,४३४ यातच जातात आणि मुद्दल उतरतं जेमतेम १,५६६ रुपयांनी. शिवाय बाकी मागे असताना त्याच कार्डावर किराणा घेतला, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. गेली दोन वर्षं भरत असूनही बाकी हलत का नाही, हा गुरुजींचा प्रश्न असेल तर त्याचं उत्तर हे आहे.

आता एजंटचं गणित घ्या. १५ लाख, साडेअकरा टक्के, १८० हप्ते. हप्ता येतो सुमारे १७,५२३ रुपये. पंधरा वर्षांत एकूण भरणा साडेएकतीस लाखांवर जातो. तो तुम्हाला सांगतो की पतपेढी आणि कार्डांचे साडेपंधरा हजार वाचले, वर एफडीचं व्याज आलं, मग घर का चालणार नाही? ऐकायला ते बरोबर वाटतं, म्हणून पूर्ण महिना मांडून पाहू. घरखर्च ३५ हजार, बाइकचा हप्ता ३,८००, नव्या कर्जाचा हप्ता १७,५२३, मिळून ५६,३२३. जमेला पेन्शन ४०,२५० आणि ११ लाखांच्या एफडीचं सात टक्क्यांनी महिन्याला ६,४१७, मिळून ४६,६६७. तरीही दरमहा ९,६५६ रुपये कमीच पडतात. एजंटने ही बेरीज तुमच्यासमोर केलेली नाही.

मग ते साडेनऊ हजार कुठून येणार? एफडी मोडूनच. अशी थोडी थोडी मोडत गेली तर एफडी सात वर्षं आणि तीन-चार महिन्यांत संपते. त्या दिवशी गुरुजी ६८ पार केलेले असतील, एफडी शून्य असेल आणि घरावरचं कर्ज अजून साडेदहा लाखांच्या वर शिल्लक असेल. पंधरा वर्षांच्या कर्जात पहिली काही वर्षं हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, म्हणून अर्ध्या मुदतीला कर्ज अर्धं झालेलं नसतं. यात महागाई धरलेली नाही. महागाई भत्ता थोडी भरपाई करतो, पण आजारपण, घराची डागडुजी, भाचीचं लग्न या गोष्टी त्यात बसत नाहीत.

मुळात साडेअकरा टक्क्यांनी पैसे उचलून सात टक्क्यांनी ठेवायचे, यात दर लाखामागे वर्षाला साडेचार हजारांचा तोटा आहे. अकरा लाखांवर तो वर्षाला ४९,५०० रुपये होतो. हे अकरा लाख काढण्याचं कारण एकच असू शकतं: एजंटचं कमिशन वाटप झालेल्या कर्जाच्या रकमेवर ठरतं. चार लाखांच्या फाइलपेक्षा पंधरा लाखांची फाइल त्याला जास्त देऊन जाते.

कर्ज मंजूर होताना कापलं जातं ते वेगळं. प्रोसेसिंग फी एक टक्का धरली तरी १५ लाखांवर १५ हजार आणि त्यावर जीएसटी २,७००. वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च तुमच्याच माथी. सगळ्यात फसवी रक्कम असते कर्जविम्याची. ६१ वर्षांच्या माणसाचा एकरकमी हप्ता मोठा असतो, तो कर्जातच मिळवला जातो आणि पंधरा वर्षं त्यावर व्याज भरावं लागतं. हा विमा घेतलाच पाहिजे अशी सक्ती बँकेला करता येत नाही. इतर वाचकांपैकी कुणी तारण कर्जाच्या उंबरठ्यावर असेल त्यांनी 'की फॅक्ट स्टेटमेंट' आधी मागावं. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जदाराला ते देणं बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. तोंडी सांगितलेला साडेअकरा आणि कागदावरचा एपीआर यांत किती फरक आहे ते पाहिल्याशिवाय पुढचं पान उलटू नये.

आता तुमच्या सहीबद्दल, कारण आम्हाला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. तुम्हाला वाटत असेल की घरावर नाव आहे म्हणून सही, बाकी कर्ज गुरुजींचं. तसं नसतं. सह-कर्जदार म्हणून सही केली की पूर्ण १५ लाखांची जबाबदारी तुमचीही होते, निम्म्याची नव्हे. तुम्ही गुरुजींपेक्षा चार वर्षांनी लहान आहात. बोलायला कटू आहे, पण हिशेब करायलाच हवा. गुरुजींच्या पश्चात तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. सुरुवातीचा ठरावीक काळ सोडला तर ते शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के असतं. मूळ पेन्शन ३५ हजार म्हणजे शेवटचं मूळ वेतन ७० हजार, त्याचे ३० टक्के २१ हजार. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर मिळून ३२,५५०. त्यातून १७,५२३ चा हप्ता गेला की तुमच्या हाती १५,०२७ उरतात. तेवढ्यात औषधं, वीज, किराणा, आणि डोक्यावर तारण ठेवलेलं छप्पर. हे घर आणि ही कुटुंब पेन्शन तुमच्या म्हातारपणाचे दोन खांब आहेत, आणि एजंटची योजना एका सहीत दोन्हींना हात घालते.

हप्ते थकले तर काय होतं तेही माहीत असू द्या. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत भरणा झाला नाही तर बँक कोर्टात दावा न लावता घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने पोलीस बंदोबस्तात प्रत्यक्ष ताबा घेतला जातो आणि पुढे लिलाव होतो. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत दाद मागता येते. शेतजमिनीला या कायद्यातून सूट आहे, एनए (बिगरशेती) प्लॉटवरच्या घराला नाही. गावाकडे 'बँक काय घर उचलून नेते का' असं म्हणणारे भेटतात. ते शेतीकर्जाच्या अनुभवावरून बोलतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

मुलासाठीही एक गोष्ट. तो सह-कर्जदार झाला की हे कर्ज त्याच्या सिबिलवर, म्हणजे बँका पाहतात त्या कर्जाच्या नोंदीत, येतं. उद्या त्याला स्वतःसाठी घरकर्ज हवं असेल तेव्हा १६ हजार पगारावर १७,५२३ चा हप्ता आधीच दिसेल. कुठलीच बँक त्याला उभं करणार नाही.

पेन्शनकडे येऊ. उरलेली पेन्शन विकता येत नाही. मूळ पेन्शनच्या जास्तीत जास्त ४० टक्केच भाग विकता येतो, आणि ३५ हजारांतले १४ हजार म्हणजे बरोबर ४० टक्के तुम्ही विकलेले आहेत. कुणी 'माझी कोषागारात ओळख आहे, आणखी दहा टक्के करून देतो' म्हणाला तर तो तुमच्याकडून कागदपत्रं किंवा पैसे काढायला आला आहे असं समजा.

मागे केलेल्या विक्रीबद्दल गुरुजींना पश्चात्ताप वाटत असेल तर तो थोडा हलका करता येईल. महिन्याचे १४ हजार, वर्षाचे १ लाख ६८ हजार, गुणिले ५८ पूर्ण झालेल्याचा कोष्टकातला ८.३७१ हा गुणक, असे १४ लाख ६ हजार मिळाले. त्या बदल्यात पंधरा वर्षांत २५ लाख २० हजार कापले जातील. व्याजाच्या भाषेत हा व्यवहार पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास बसतो. त्यात दोन जमेच्या बाजू आहेत: महागाई भत्ता पूर्ण ३५ हजारांवर मिळत राहतो, आणि विकलेल्या भागाची कपात कुटुंब पेन्शनमधून होत नाही. घरावरच्या साडेअकरा टक्क्यांच्या कर्जापेक्षा ही विक्री कितीतरी बरी होती. अडचण झाली ती सगळी रक्कम एकदम संपल्याने. पंधरा वर्षांनी तो १४ हजारांचा भाग परत चालू होतो, म्हणजे गुरुजींच्या ७३ व्या वर्षी. विक्रीची रक्कम खात्यात जमा झाली ती तारीख पीपीओच्या (पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या) प्रतीवर लिहून ठेवा आणि मुदत भरायच्या आधी दोन-तीन महिने पेन्शन देणाऱ्या कार्यालयात अर्ज द्या. तो भाग वेळेवर सुरू झाला की नाही हे पासबुकात स्वतः पाहा.

एटीएम कार्ड ठेवून पैसे देणाऱ्या गृहस्थांना तर साफ नाही सांगा. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, तारण असेल तर १५ टक्के. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हाच आहे. सरकारी पेन्शन तर १८७१ च्या पेन्शन कायद्याने जप्तीपासून सुरक्षित आहे, दिवाणी कोर्टाच्या हुकुमानेही ती जप्त होत नाही. कायद्याने दिलेलं हे कवच कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या हाती दिल्याने व्यवहारात निरुपयोगी होतं, कारण महिन्याच्या एक तारखेला तोच पैसे काढतो आणि तुम्हाला उरलेले मोजून देतो. कुणाचं कार्ड आधीच असं अडकलं असेल तर बँकेत जाऊन ते आजच ब्लॉक करा आणि नवं घ्या, मग तालुक्याच्या सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे लेखी तक्रार द्या. जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक असतात.

आता करायचं काय. आधी कार्डं, कारण तिथे पैसा सगळ्यात वेगाने जळतो.

सोन्याला हात लावायचं मन होत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि ते स्त्रीधन आहे, त्यावर निर्णय फक्त तुमचाच. गुरुजी किंवा मुलगा तुम्हाला भाग पाडू शकत नाहीत, आम्हीही पाडणार नाही. तरी सल्ला विचारलात म्हणून सांगतो: सध्या दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर आहे, त्यामुळे सातपैकी साधारण दोन तोळ्यांत कार्डांची बाकी निघते. महिन्याचे नऊ हजार त्याच महिन्यापासून सुटतात. घर तारण ठेवून सात तोळे जपण्यापेक्षा दोन तोळे देऊन घर मोकळं ठेवणं आम्हाला शंभर पटीने योग्य वाटतं.

मोडायचं झालं तर भरीव दागिना मोडा. खड्यांचे, मीनाकामाचे किंवा लाख भरलेले दागिने मोडीत मार खातात, कारण खडे आणि लाख वजनातून वजा होतात. दोन-तीन पेढ्यांवर भाव विचारा. शुद्धता मशीनवर तुमच्यासमोर तपासायला सांगा, वजन काट्यावर स्वतः पाहा, घट किती टक्के धरली ते विचारा. भाव त्या दिवसाचा आणि किती कॅरेटचा, हे बिलावर लिहून घ्या. पैसे रोख घेऊ नका, खात्यात घ्या. गहाण ठेवण्याचा पर्याय आहे, बँकेचं गोल्ड लोन कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, पण ते बहुधा वर्षभरात सोडवावं लागतं. सोडवायला पैसे कुठून येणार याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही, म्हणून तुमच्या बाबतीत विकणं बरं.

सोनं नकोच असं तुमचं ठरलं तर ज्या बँकेत पेन्शन जमा होते तिथे लहान पेन्शन लोन विचारा. दोन लाख, चार वर्षं, ११ टक्के धरले तर हप्ता सुमारे ५,१७० बसतो. नऊ हजारांच्या जागी पाच, आणि ४८ महिन्यांनी संपतं. घर तारण लागत नाही. तिथेही बहुतेक बँका कुटुंब पेन्शनला पात्र असलेल्या पत्नीची हमी मागतात, म्हणजे तुमची सही लागेल, पण दोन लाखांपुरती. दोनच्या जागी 'पाच घ्या, पात्रता बसतेय' असं म्हणतील. दोनच घ्या.

कार्डं फेडताना स्टेटमेंटवरची 'टोटल ड्यू' भरून थांबू नका. कस्टमर केअरला त्या दिवसाची पूर्ण बाकी विचारा, हप्त्यांत वळवलेली खरेदी असेल तर तीही धरून. ती भरा आणि कार्ड बंद करण्याची विनंती लेखी द्या. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नो ड्यूज पत्र मागून घ्या. एकही कार्ड 'अडीअडचणीला' म्हणून ठेवू नका. आजची १ लाख ८० हजारांची बाकी अशाच अडीअडचणींची बेरीज आहे.

कार्डं गेली की तूट १४,०५० वरून ५,०५० वर येते.

दुसरं काम मुलाशी बोलणं. बाइकचा हप्ता ३,८०० आणि त्याच्याच मुलाची शाळा-व्हॅन साडेपाच हजार, असे ९,३०० त्याने उचलायला हवेत. १६ हजारांत हे जड आहे, मान्य. पण राहायला घर, जेवण, वीज हे सगळं तुमच्याकडून आहे, आणि ६,७०० त्याच्या हाती उरतात. 'घरात थोडे पैसे देत जा' असं मोघम बोललात तर दोन महिने देईल, तिसऱ्या महिन्यात विसरेल. आकडा सांगा आणि ते दोन खर्च त्याच्याच खात्यातून कापले जातील अशी व्यवस्था करा. त्याने हे स्वीकारलं की तुमच्याकडे महिन्याला ४,२५० उरू लागतात. पतपेढीचं कर्ज १४ टक्क्यांच्या आसपासचं असेल तर याच हप्त्याने आणखी साडेतीन वर्षांत संपेल, मग साडेसहा हजार आणखी सुटतील.

ही ४,२५० ची शिल्लक पहिलं वर्षभर कुठेही गुंतवू नका, बचत खात्यात वेगळी राहू द्या. गणपती, दिवाळी, आजारपण यांना कार्डाऐवजी ती कामी येईल. जादा व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत ठेव ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेलाही आहे, पतसंस्थेच्या ठेवीला नाही. अडकलेल्या ठेवींसाठी हेलपाटे घालणारी माणसं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत.

औषधांचे साडेचार हजार खाली आणता येतील. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रावर विचारा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. गोळी बदलण्याआधी मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि ऑपरेशनसाठी कधी मोठा खर्च उभा राहिला तर आधी त्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, ७० पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. घर तारण ठेवण्याच्या कितीतरी फाइली दवाखान्याच्या बिलावरून सुरू होतात, म्हणून हे लिहिलं.

रिव्हर्स मॉर्गेजबद्दलही काही वाचक विचारतात. ६० वर्षांवरच्या माणसाने स्वकष्टाच्या, स्वतः राहत असलेल्या घरावर बँकेकडून दरमहा रक्कम घ्यायची, हप्ता भरायचा नाही, आणि दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं किंवा बँकेने ते विकायचं, अशी ती योजना आहे. पत्नी सह-कर्जदार असेल तर तिचं वय ५५ हवं. मिळणाऱ्या रकमेवर प्राप्तिकर नाही. वडिलोपार्जित घर चालत नाही, आणि मोजक्याच बँका ही योजना देतात. मूलबाळ जवळ नसलेल्या, पेन्शन नसलेल्या जोडप्याला पंच्याहत्तरीच्या आसपास ती आधार ठरू शकते. तुमच्या घरात मुलगा आणि नातू राहतात, पेन्शन आहे, आणि गुरुजी ६१ चे आहेत. आज त्या वाटेला जायचं कारण नाही.

ज्यांनी असं तारण कर्ज आधीच घेतलंय आणि रक्कम अजून एफडीत पडून आहे, त्यांनी एफडी मोडून ती कर्जात भरावी. वैयक्तिक, बिगरव्यावसायिक कारणासाठीच्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतीआधी भरणा केल्यास दंड लावता येत नाही. भरताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा' असं लेखी सांगा. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत, उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

शेवटी तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलेली ओळ: एजंट 'व्हॅल्युएशनसाठी' मूळ खरेदीखत आणि इंडेक्स-टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) घेऊन गेला आहे. ताई, व्हॅल्युएशनला झेरॉक्स पुरते. उद्याच मुलाला घेऊन जा आणि दोन्ही मूळ कागद परत आणा. कोऱ्या फॉर्मवर किंवा कोऱ्या चेकवर गुरुजींनी सह्या दिल्या असतील तर तेही मागा. चेक परत मिळाला नाही तर त्याच दिवशी बँकेत स्टॉप पेमेंट द्या. 'कर्जाचा अर्ज मागे घेत आहोत' असं दोघांच्या सहीचं पत्र बँकेच्या शाखेत देऊन पोच घ्या. एजंटला फोनवर सांगून ते होत नाही. कागद द्यायला त्याने टाळाटाळ केली तर दोन दिवसांपेक्षा जास्त थांबू नका, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची एक प्रत त्याच शाखाधिकाऱ्यांना द्या.